आधी पाय, मग कुत्रं

पाच महिन्यांचं कारवान पिल्लू झोपेतून उठताना कधी नीट पाहिलंय? आधी पुढचे दोन पाय समोर सरकतात. मग बराच वेळ काहीच घडत नाही. मग मागचा एक पाय पोटाखालून बाहेर येतो, दुसरा कुठं राहिला याची शोधाशोध होते, तो सापडतो, पाठीची कमान होते आणि अखेर सगळं प्रकरण उभं राहतं. वर वीतभर रुंदीची पाठ, खाली चार लांबच लांब पाय आणि त्यांच्या टोकाला भलतेच मोठे पंजे. दोन पावलं टाकून पिल्लू वळायला जातं, मागचा पाय पुढच्यात अडकतो आणि ते धपकन बुडावर बसतं. बसल्यावर आजूबाजूला असं बघतं, की जणू बसायचंच होतं.

हेच पिल्लू वर्षभरानं सडकेच्या कडेनं सुटलं, की शेजारून जाणारा मोटारसायकलवाला काट्याकडे बघायला लागतो. मधल्या महिन्यांत असं काय घडतं? जन्मजात पळणाऱ्या जातीचं लेकरू, आणि त्याला धड वळता येऊ नये?

या बेंगरूळपणात एक वेळापत्रक दडलेलं आहे. ते इतकं काटेकोर आहे, की त्यातलं एखादं काम महिनाभर आधी आटोपलं तरी कुत्रं जन्मभर वाकड्या पायाचं राहतं.

पण आधी या कुत्र्याची ओळख करून घेऊ. धाराशिव, लातूर, सोलापूर आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गी या सगळ्या कोरड्या पठारावर शेतवस्तीला हे कुत्रं दिसतं. उंच, सडपातळ, लांब तोंडाचं, पोट आत ओढलेलं. आपल्याकडं त्याला कारवान म्हणतात, अंगावर मऊ लांब केस असले तर पश्मी. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं, आणि १९८२ साली लातूर वेगळा होईपर्यंत जानवळही आपल्याच जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कर्नाटकात हेच कुत्रं मुधोळ या नावानं मिरवतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी नजर केली, असं सांगतात. देशात श्वानांची नोंद ठेवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. त्यांतली एक याला कॅरावान हाउंड म्हणून नोंदवते, तर दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. एवढा मान मिळूनही पाचव्या महिन्यात त्याला उंबरा ओलांडता येत नाही!

ही जात वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांची. ग्रेहाउंड आणि अरबस्तानातला सालुकी ही त्याच घराण्यातली मंडळी. पूर्वी यांना ससा आणि काळविटामागं सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, आणि बरंच झालं. आता कारवान रान राखतो, शेरडं-करडं राखतो. पण त्याचं शरीर अजून काळविटाच्याच हिशेबानं बनतं. म्हणून गोष्ट काळविटापासून सुरू करायला हवी.

काळविटाची मादी सहाएक महिने गाभण असते. पाडस जमिनीवर येतं तेच लांब पाय घेऊन, आणि थोड्याच वेळात त्या पायांवर उभं राहतं. पायांचं बहुतेक काम आईच्या पोटातच उरकलेलं असतं, कारण उघड्या माळावर पळता न येणाऱ्या पाडसाला फार दिवस मिळत नाहीत. कुत्रीचे दिवस मात्र जेमतेम त्रेसष्ट. तिची पिल्लं आंधळी, बहिरी, मूठभर गोळ्यासारखी जन्मतात. आणि गंमत बघा, त्या वेळी कारवानचं पिल्लू आणि गल्लीतल्या कोणत्याही कुत्रीचं पिल्लू शेजारी ठेवलं, तर ओळखणं अवघड! दोघांचं तोंड आखूड, डोकं गोल, पाय बुटके. ज्याच्यासाठी ही जात प्रसिद्ध आहे, त्यातलं जवळजवळ काहीच जन्मताना दिसत नाही. पाडसानं पोटात केलेलं काम या पिल्लाला बाहेर, आपल्या डोळ्यांदेखत, काही महिन्यांत करायचं असतं. आपण त्याला हसतो, कारण आपल्याला ते बांधकाम चालू असताना दिसतं.

आता पिल्लाचा पुढचा पाय हातात घ्या. पंजाच्या थोडं वर, आपल्या मनगटाच्या जागी, एक जाडसर फुगवटा लागतो. अंगावर चरबी नसलेल्या या जातीत तो चांगलाच उठून दिसतो. नवा मालक घाबरतो, मुडदूस झाला म्हणून डॉक्टरकडं धावतो. निरोगी पिल्लातला हा फुगवटा म्हणजेच पाय लांब करणारी जागा.

हाड मधून ताणून लांब होत नाही, हे कसं कळलं माहीत आहे? स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं कोंबडीच्या वाढत्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली. दोन महिन्यांनी पाहिलं, तर हाड चांगलं लांब झालेलं, पण दोन भोकांमधलं अंतर जसंच्या तसं! म्हणजे वाढ मधे झालीच नव्हती, टोकांकडं झाली होती. हा प्रयोग त्यानं छापला १७२७ साली, बाजीराव पेशव्यांच्या काळात. एक सुई, एक पिल्लू आणि थोडा धीर, बस्स.

टोकाजवळ असते कूर्चेची एक पातळ चकती. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या कडेत असतं ते लवचीक द्रव्य. या चकतीत पेशी एकावर एक उभ्या रांगांत बसलेल्या असतात. रांगेच्या एका टोकाला त्या दुभंगून नव्या पेशी तयार होतात, आणि दुसऱ्या टोकाला पोचलेली पेशी एक अचाट काम करते. ती फुगते. नागपंचमीला तापल्या कढईत ज्वारीचा दाणा फुटून लाही होते, तशी. फरक इतकाच, की लाही एका क्षणात होते आणि हिला दिवस लागतो. पण फुगण्यात ही लाहीला हार जात नाही, मूळ आकाराच्या दहापटीहूनही मोठी होते. अशा हजारो रांगा एकाच दिशेनं फुगतात आणि हाडाचं टोक पुढं ढकललं जातं. मग त्या फुगलेल्या पेशींच्या जागी चुना भरतो, रक्तवाहिन्या शिरतात आणि पक्कं हाड तयार होतं. तोवर चकती पुढं सरकलेली असते.

मग एक हाड लांब आणि दुसरं आखूड का? याचं उत्तर एका विचित्र प्राण्यानं दिलं. वाळवंटात जर्बोआ नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. पुढचे पाय चिमुकले, मागचे पाय कांगारूसारखे लांबलचक. किम्बर्ली कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये त्याच्या आणि उंदराच्या चकत्या तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला, की पेशी तीन टप्प्यांत फुगते. आधी ती खरोखर वाढते, मग पाणी शोषून नुसती फुगते, मग पुन्हा खरी वाढते. हाड झपाट्यानं लांब होतं ते तिसरा टप्पा लांबल्यावर. जिथं तो लवकर आटोपतो, तिथं हाड हळूहळू वाढतं. पेशी तीच आणि कृतीही तीच, बदललं ते कुठं थांबायचं एवढंच!

उलट टोकाचं उदाहरण डाक्सहुंड या बुटक्या कुत्र्याचं. कुत्र्यांच्या वाढीत भाग घेणारं एफजीएफ-४ नावाचं एक जनुक आहे. बुटक्या जातींमध्ये त्याची एक जादा प्रत चुकून दुसऱ्याच जागी चिकटली आहे, हे २००९ मध्ये उघड झालं. एवढ्या एका जादा प्रतीनं चकत्यांचं काम आखडतं आणि पाय बोटभर राहतात.

आता वेळापत्रकाकडं येऊ. शरीरात अशा चकत्या डझनावारी असतात आणि प्रत्येकीची बंद व्हायची वेळ वेगळी. सगळ्यात आधी कोण उरकतं? बोटं! पंजातली बारीक हाडं साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास आपली लांबी पूर्ण करतात, तेव्हा वरच्या पायाची हाडं अजून भरात असतात. म्हणून पिल्लाचे पंजे मोठ्या कुत्र्याचे उसने आणल्यासारखे दिसतात. ते खरोखरच मोठ्या कुत्र्याचे असतात, फक्त कुत्रं अजून तिथवर पोचलेलं नसतं. पायाची लांब हाडं आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान थांबतात, आणि कंबरेच्या हाडातल्या काही चकत्या तर त्याहून कितीतरी नंतर.

त्यात मागचे आणि पुढचे पाय अगदी सोबतीनं वाढतील अशी काही खात्री नाही. एखाद्या आठवड्यात पिल्लू मागून उंच दिसतं, जणू कायम उतारावर उभं आहे. पुढच्या पंधरवड्यात खांदे वर येतात. मागच्या पायाचा तो ‘उलटा गुडघा’ही एकदा नीट बघा. तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. कुत्रं आयुष्यभर चवड्यावर चालतं. आपलं तळपाऊल जमिनीला टेकतं, त्याचं हवेत उभं राहून पायाची लांबी वाढवतं. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ असतो.

मेंदूचे यात काय हाल होत असतील? पाय कुठं आहे हे न बघता कळण्यासाठी मेंदू सांध्यांकडून आणि स्नायूंकडून सतत खबर घेतो आणि त्यावर पुढच्या हालचालीचा अंदाज बांधतो. पण काल बरोबर ठरलेला अंदाज आज थोडा कमी पडतो, कारण पाय वाढलेला असतो. पायरी तीच, पिल्लू तेच, आणि पंजा आपटतो. त्याच महिन्यांत अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येत असतात, ते आणखी वेगळंच.

सगळ्यात नाजूक मामला पुढच्या पायात असतो. आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. कुत्र्यालाही तीच. दोन्ही शेजारी-शेजारी बांधलेली, आणि दोघांनी एकाच वेगानं वाढायचं. पण अल्नाची सुमारे पंच्याऐंशी टक्के लांबी खालच्या टोकाच्या एकट्या चकतीतून येते, आणि कुत्र्यात ही चकती सपाट नसून शंकूच्या आकाराची असते. सपाट चकतीला आडवा धक्का बसला तर ती सरकून सुटते. शंकूला तशी सोय नाही, तिथं धक्का थेट पेशींवर दाबला जातो. पिल्लानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारली, वाईट रीतीनं पडलं, दोन दिवस लंगडलं आणि बरं झालं, असं वाटतं. महिन्याभरानं दिसतं, की पंजा बाहेर वळतोय आणि पाय धनुष्यासारखा वाकतोय. काय झालं? अल्ना थांबली, रेडियस वाढत राहिली, आणि थांबलेल्या जोडीदाराला बांधलेली असल्यानं सरळ जाता येईना म्हणून वाकली. म्हणूनच या वयात पिल्लाला मोटारसायकलमागं सडकेवर पळवू नये, आणि ट्रॉलीवरून तर उचलूनच खाली ठेवावं. मऊ रानात त्याचं त्याला हवं तेवढं हुंदडू द्यावं, दमलं की ते स्वतःच आडवं होतं.

आडवं झालेल्या पिल्लाला आळशी म्हणण्याआधी एक ऐका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये संशोधकांनी कोकरांच्या पायाच्या हाडात बारीक मोजमापयंत्रं बसवली आणि हाड नेमकं कधी वाढतं ते चोवीस तास टिपलं. २००४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की हाडाची नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक वाढ कोकरू पहुडलेलं असताना झाली. उभं असताना, चालताना जवळजवळ शून्य! अंगाचा भार उतरला, की दाबलेली चकती मोकळी होते आणि पेशींना फुगायला जागा मिळते. प्रयोग कोकरांवरचा आहे, पण चकती पिल्लातही त्याच धाटणीची असते. दुपारभर गोठ्याच्या सावलीत तंगड्या पसरून पडलेलं कारवान पिल्लू बहुधा त्याच वेळी सगळ्यात जास्त काम करत असतं.

आणि खाणं? मोठ्या हाडाला भरपूर कॅल्शियम, असा आपला साधा हिशेब. मेडिकलमधून पावडर आणून ज्वारीच्या भाकरीच्या काल्यात मिसळणारे हौशी मालक कमी नाहीत. हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हाच हिशेब तपासला गेला आणि उलटा निघाला. मोठ्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम नाकारतं, लहान पिल्लाला ते नीट जमत नाही. जादा दिलेलं बरंचसं आत शिरतं, कूर्चेचं हाडात रूपांतर अडखळतं आणि पाय वाकतात. ज्यासाठी पावडर घातली, नेमकं तेच बिघडतं. नुसत्या मांसावर वाढवलं तर दुसऱ्या बाजूनं घोटाळा होतो. मांसात कॅल्शियम फारच थोडं, मग शरीर हाडातूनच ते काढून घ्यायला लागतं. खाऊ घालून गुबगुबीत करण्याची हौसही इथं महागात पडते. वाढत्या चकतीवर जादा वजन नको, त्यामुळं कडक बांध्याचं पिल्लूच बरं.

याच विद्यापीठातून १९९४ मध्ये आणखी एक नवलाची गोष्ट पुढं आली. आपण अंगावर ऊन घेतलं, की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीला हे जवळपास जमतच नाही, कारण त्यासाठी लागणारा कच्चा माल तिथं पुरेसा नसतो. धाराशिवचं मे महिन्यातलं ऊन पाठीवर घेऊन पिल्लू दिवसभर बसलं, तरी हाडांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. अंडं, मासळी, कलेजी, जे काही मिळेल ते तोंडावाटेच जायला हवं.

पाय वाढत असतात तोवर डोक्याचंही वेगळं काम सुरू असतं. आखूड बोथट तोंड हळूहळू पुढं निघतं आणि लांब, निमुळतं होतं. हे नुसतं दिसण्यापुरतं आहे असं वाटेल. पण २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कुत्र्यांची नेत्रपटलं तपासली आणि नाकाची लांबी आणि डोळ्याची रचना यांची सांगड सापडली. आखूड नाकाच्या कुत्र्यांमध्ये बारीक पाहणाऱ्या पेशी मधोमध गोळा झालेल्या असतात. लांब नाकाच्यांमध्ये त्या आडव्या पट्ट्यात पसरतात. आडवा पट्टा म्हणजे क्षितिज! मान न वळवता अख्ख्या माळाची कड एका नजरेत. दूरवर तुरीच्या ओळीत काहीतरी हललं, की कारवानाचे कान टवकारतात आणि आपल्याला अजून काहीच दिसलेलं नसतं.

आणि मग एके दिवशी, आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमाराला, पाय आणि मेंदू यांचं जुळतं. जुळल्यावर काय होतं ते समजण्यासाठी घोड्याची एक जुनी चूक आठवावी लागेल. जुने युरोपी चित्रकार धावणारा घोडा चारही पाय पुढं-मागं ताणून हवेत तरंगताना काढत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजनं कॅमेऱ्यांची रांग लावून घोड्याचे फोटो घेतले आणि कळलं, की घोडा हवेत असतो खरा, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेल्या पायांनी तो कधीच उडत नाही. चित्रकार चुकले होते. पण त्यांनी घोड्याच्या जागी शिकारी कुत्रं काढलं असतं, तर चित्र बरोबर ठरलं असतं! हे घराणं एका ढांगेत दोनदा जमीन सोडतं, एकदा पाय गोळा करून आणि एकदा पूर्ण ताणून. पाठीचा कणा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. जी लवचीक पाठ पाचव्या महिन्यात पिल्लाला धड उभंही राहू देत नव्हती, तीच आता ढांग लांबवते. ग्रेहाउंडसारखा भाऊबंद याच चालीवर ताशी साठ किलोमीटरच्या पुढं जातो.

तरी कुत्रं अजून पुरं झालेलं नसतं. उंची वर्षाच्या आत येते, पण छाती मागाहून भरते, दीड-दोन वर्षांपर्यंत फासळ्यांचा पिंजरा खोल होत राहतो. त्याच पिंजऱ्यात या जातींचं शरीराच्या मानानं मोठं हृदय बसायचं असतं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ५० ते ६५ टक्के भरतो, तर साध्या कुत्र्यात तो ३७ ते ५५. त्यामुळं रक्ताचा रिपोर्ट पाहून नवख्या डॉक्टरला आजाराची शंका यावी. म्हणजे गाडीची चाकं आधी आली, इंजिन शेवटी.

आणि सगळं जागच्या जागी बसल्यावरही एक गोष्ट तशीच राहते. फासळ्या दिसायच्या त्या दिसतातच. सुट्टीला आलेला पुण्याचा पाहुणा ओसरीवरच्या धट्ट्याकट्ट्या कारवानाकडं बघतो, त्याच्या बरगड्या मोजतो आणि घरधन्याला हळूच विचारतो, ‘‘याला खायला घालत नाही का हो तुम्ही?’’ घरधनी उत्तर देत नाही. तो नुसता बांधाच्या दिशेनं शीळ घालतो, आणि पाहुण्यानं मान वळवेपर्यंत ओसरी रिकामी झालेली असते.